फोल्डर तर समोरच आहे!

सॉफ्टवेअर तपासणारा माणूस दिवसभर काय करतो, याबद्दल नातेवाइकांच्या कल्पना फार थोर असतात. नाकावर चष्मा, आवळलेल्या भुवया, पडद्यावर हिरव्या अक्षरांची धार आणि मध्येच "सापडली चूक!" अशी आरोळी. प्रत्यक्षात या माणसाचा निम्मा दिवस चूक शोधण्यात जातच नाही. जिच्यात चूक शोधायची ती वस्तू शोधण्यात जातो. वस्तू हरवलेली नसते. ती समोर असते, पडद्याच्या डाव्या बाजूच्या यादीत तिचं नाव ठसठशीत दिसत असतं, आणि संगणक मात्र लाल अक्षरांत सांगत असतो, की या नावाचं मॉड्यूल सापडलं नाही.

आमच्याकडची लायब्ररी म्हणजे काही चांद्रयान नव्हे. आकडा द्यायचा, अक्षरं घ्यायची. चेकवर 'अक्षरी रुपये' असं छापून पुढे जी रेघ सोडलेली असते ती भरायला म्हणून केलेली, त्यामुळे तिचं नावही 'अक्षरी'. पायथनमध्ये लिहिलेली. काम ऐकायला सोपं, पण शंभराच्या आत मराठी कोणाला हात लावू देत नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हा शिरस्ता एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि नव्व्याण्णवला कोणालाही न विचारता बदलतो. त्यात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आलं, आणि ज्यांचा शाळेशी संबंध सुटून जमाना झाला होता अशांनीही त्यावर मत दिलं. आमचं गिऱ्हाईक एक पतसंस्था. तिला दोन्ही पद्धती हव्या होत्या. का, ते विचारू नका. संचालक मंडळात दोन गट आहेत. म्हणून 'अक्षरी'च्या पोटात दोन फोल्डर, 'जुनी' आणि 'नवी'.

मी तपासणारा. माझी टेस्ट दोन ओळींची. पहिली ओळ, 'अक्षरी' इम्पोर्ट कर. दुसरी ओळ, ७९ दे आणि 'एकोणऐंशी' आलं का बघ. सगळी बुद्धी दुसऱ्या ओळीत आहे असं कोणालाही वाटेल. सगळा दिवस पहिल्या ओळीत जातो.

नुकताच कॉलेजातून आलेला एक मुलगा माझ्या शेजारी बसतो. त्याला ही पहिली ओळ पहिल्यांदा भेटली तेव्हाचं बोलणं असं झालं.

"सर, फोल्डर तर समोरच आहे."

"आहे ना."

"मग हा नाही का म्हणतोय?"

"तू कुठे उभा आहेस?"

मुलाने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हा प्रश्न आमच्या धंद्यात पूर्णपणे शुद्धीवर असलेली माणसं एकमेकांना विचारतात. टर्मिनल कुठल्या फोल्डरात उघडलंय, एवढाच त्याचा अर्थ. पायथनला इम्पोर्ट सांगितलं म्हणजे तो काही डिस्कभर हिंडत नाही. त्याच्याकडे 'सिस डॉट पाथ' नावाची एक यादी असते, तीत लिहिलेल्या जागा तो वरून खाली बघत जातो. सगळ्यात वर, जी फाईल चालवली तिचं फोल्डर. मग कोणी 'पायथनपाथ' ठरवून ठेवला असेल तर त्यातल्या जागा. मग पायथनचं स्वतःचं सामान. आणि तळाशी 'साइट-पॅकेजेस', म्हणजे पिपने बाहेरून आणून टाकलेल्या लायब्ऱ्या. पहिल्या ज्या जागी त्या नावाचं काही मिळेल तिथे शोध संपला. मिळालेली वस्तू हवी तीच आहे का, ही चौकशी त्याच्या कामात बसत नाही.

आमच्याकडे 'अक्षरी' आणि 'टेस्ट्स' ही दोन फोल्डरं शेजारी-शेजारी. टेस्ट चालवणारा पायटेस्ट टेस्टची फाईल उचलतो, ती ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर यादीत घालतो आणि कामाला लागतो. शेजारच्या 'अक्षरी'चा पत्ता त्याला कोणी दिलेलाच नसतो. मुलाला दिसतं, मला दिसतं, चहा घेऊन आलेल्या मावशींना दिसतं. यादीत नाही म्हणजे नाही.

तेवढ्यात आमच्या लीड मॅडम मागून आल्या. त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "नुसतं पायटेस्ट नको म्हणूस. पायथन डॅश एम पायटेस्ट म्हण." मुलाने म्हटलं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. मॅडम निघूनही गेल्या होत्या.

यात चमत्कार काही नाही. असं चालवलं की ज्या फोल्डरात उभे आहात ते फोल्डरही यादीत जातं, आणि 'अक्षरी' तर तिथेच आहे. पायटेस्टच्या अधिकृत माहितीपुस्तकात दोन्ही रीती जवळजवळ एकसारख्या असल्याचं सांगून हा फरक लगेच पुढे लिहिलेला आहे. पण 'जवळजवळ'नंतरचं वाक्य वाचायची सवय आपल्याकडे विमा घेतानाही नसते. परिणामी एकाच टीममध्ये 'नुसतं'वाले आणि 'डॅश एम'वाले असे दोन पंथ तयार होतात. एकाकडे टेस्ट पास, दुसऱ्याकडे नापास, आणि कोड तोच.

तिसरा एक पंथ आहे, तो हातघाईवर येणाऱ्यांचा. हे लोक प्रत्येक टेस्ट फाईलच्या डोक्यावर चार ओळी लिहितात: मी जिथे आहे तिथून एक फोल्डर वर जा, तिथून आणखी एक वर जा, आणि ती जागा यादीत अगदी पहिली घुसव. काम होतं, नाही असं नाही. पुढे कोणीतरी 'टेस्ट्स'मध्ये नीटनेटकेपणा म्हणून पोटफोल्डर करतं, फाईल एक पायरी खाली जाते आणि मुसळ केरात. मग चौकशी समितीला कळतं, की त्या चार ओळी साठ फाइलींत चिकटवल्या आहेत आणि काहींत दोन पायऱ्या आहेत तर काहींत तीन.

शिवाय 'कॉन्फटेस्ट' नावाची एक फाईल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवण्याची प्रथा आहे. तिच्यात टेस्टना लागणारी सामायिक तयारी लिहायची असते. पण पायटेस्ट ही फाईल जिथे दिसेल ते फोल्डरही यादीत घालतो, त्यामुळे तिच्यात एक अक्षर न लिहिता नुसती ठेवली तरी इम्पोर्ट चालू लागतात. अशा कोऱ्या कॉन्फटेस्ट मी कितीतरी प्रकल्पांत पाहिल्या आहेत. नवीन आलेला कोणीतरी ती रिकामी बघून उडवतो, अर्ध्या तासात परत ठेवतो आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलत नाही.

पहिलं मिळेल ते खरं, या तत्त्वाचा खरा प्रताप नावं ठेवताना दिसतो. आमच्यातल्या एका होतकरूने लायब्ररीच्या मुळाशी आकडेमोडीची एक फाईल केली आणि तिला सरळ 'नंबर्स' असं नाव दिलं. आकड्यांच्या लायब्ररीत आकड्यांची फाईल; यात गैर काय? गैर एवढंच, की पायथनच्या स्वतःच्या सामानात 'नंबर्स' नावाचं मॉड्यूल आधीपासून आहे. होतकरूने शेजारीच एक नमुन्याची फाईल लिहून चालवली. तिने पैशांच्या हिशोबासाठी पायथनचं 'डेसिमल' मागवलं. डेसिमलने आपल्या सवयीने 'नंबर्स' मागितलं. यादीत सगळ्यात वर आमचं फोल्डर, म्हणून त्याला मिळालं आमचं. मग लाल अक्षरांत तक्रार आली, ती आमच्या फाईलबद्दल नव्हती. 'नंबर्स'मध्ये अमुक गोष्ट नाही, अशी होती. होतकरूने पायथनच्याच गाभ्यात चूक सापडली असं सर्वांना कळवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची कॉलर ताठ होती.

जगभरात 'रँडम' किंवा 'ईमेल' नावाची फाईल करून अशी फजिती करून घेणारे इतके आहेत, की पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून संगणक अशा वेळी स्वतःच सुचवतो, तुमच्या या फाईलचं नाव मूळ सामानातल्या मॉड्यूलसारखंच आहे, बदलून बघा. शब्द नम्र आहेत. टेस्ट करायला म्हणून बनवलेल्या पॅकेजला 'टेस्ट' नाव देणाऱ्यांनीही जरा थांबावं. त्या नावाचं पॅकेज पायथनने स्वतःच्या तपासणीसाठी केव्हाच राखून ठेवलं आहे.

टिंबांचं प्रकरण निराळंच. पॅकेजच्या आतल्या फाईलला शेजारच्या फाईलमधलं काही हवं असेल तर पूर्ण नाव न लिहिता एक टिंब लिहून भागतं. एक टिंब म्हणजे याच फोल्डरातलं, दोन टिंबं म्हणजे एक पायरी वरचं, तीन म्हणजे आणखी वर. मोठ्या प्रकल्पांत टिंबांची रांग बघून वाटतं, लेखक काहीतरी सूचक बोलायचं टाळतोय. हे सगळं छान चालतं ते पॅकेज म्हणून वापरलं तर. पण मधलीच एखादी फाईल 'बघू तरी' म्हणून थेट चालवली, की पायथन तिचं नाव बदलून 'मेन' ठेवतो. मेन झाल्याबरोबर ती आपलं घराणं विसरते. एका टिंबाचा शेजारीही तिला ओळखता येत नाही, आणि संदेश येतो की हिचं पालक पॅकेज कोणतं ते ठाऊक नाही. फाईल तीच, जागा तीच, शेजारीही तेच. असा फरक आमच्याकडे एका सहकाऱ्यात पडला होता, त्याला मॅनेजर केल्यावर.

जावावाल्यांना यातलं काही सांगितलं की ते दयार्द्र हसतात. त्यांच्याकडे पॅकेजचं नाव कंपनीचा वेबपत्ता उलटा करून सुरू होतं, कोड 'मेन'च्या फोल्डरात आणि टेस्ट 'टेस्ट'च्या फोल्डरात, आत दोन्हीकडे तीच उतरंड. सात-आठ रिकामी फोल्डरं उघडल्यावर एक फाईल मिळते, पण मिळते. आणि गो भाषेत तर इम्पोर्ट करून वापरलं नाही तर प्रोग्राम बनतच नाही. आमच्या पायथनमध्ये वरच्या तीस इम्पोर्टांपैकी अकरा कोणी, कधी, कशासाठी आणले हे सांगणारा माणूस नोकरी सोडून बंगळुरूला गेलेला असतो.

इम्पोर्टांची मांडणी कशी असावी याचे नियम मात्र आहेत. 'पेप ८' या संहितेप्रमाणे आधी पायथनचं मूळ सामान, मग बाहेरच्या लायब्ऱ्या, मग आपलं स्वतःचं, आणि दर दोन गटांच्या मध्ये एक कोरी ओळ. 'आयसॉर्ट' नावाचं अवजार हे आपोआप करून वर गटागटात नावं वर्णक्रमाने लावून देतं. आमच्याकडे एका शुक्रवारी संध्याकाळी (अशी कामं शुक्रवारी संध्याकाळीच सुचतात) कोणीतरी ते सगळ्या लायब्ररीवर फिरवलं. फायली देखण्या झाल्या. फक्त चालेनात. कारण 'रुपये' ही फाईल 'पैसे'कडून काहीतरी मागत होती, आणि 'पैसे' उलट 'रुपये'कडून. तू आधी की मी आधी, या वादात दोघी अर्धवट उघडलेल्या. आजवर इम्पोर्टांच्या अवघडलेल्या क्रमामुळे ते झाकून गेलं होतं. वर्णक्रमाने प आधी आला आणि भांडण चव्हाट्यावर आलं. दोघींना लागणारं तिसरीकडे काढून ठेवावं, हा खरा उपाय. तो करायला दोन दिवस लागतात. म्हणून एक इम्पोर्ट फंक्शनच्या पोटात लपवला गेला, वर 'इथून हलवू नये' अशी टीप लिहिली गेली आणि मंडळी विकेंडला गेली. मला विचाराल तर अशा टिपा म्हणजे त्या लायब्ररीचा सगळ्यात प्रामाणिक इतिहास.

एकूण या भाषेच्या जन्मातच थोडी थट्टा आहे. गीदो व्हॅन रॉसमने पायथन हे नाव अजगरावरून नव्हे, बीबीसीवरच्या 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या विनोदी मालिकेवरून घेतलं. 'इम्पोर्ट धिस' असं लिहिलं की टिम पीटर्सने लिहिलेली एकोणीस सुभाषितं पडद्यावर येतात, कोड सुवाच्य असावा वगैरे. आणि ती छापणारी फाईल उघडून बघावी तर आतला मजकूर अक्षरं तेरा घरं सरकवून सांकेतिक लिपीत लिहिलेला. बाहेरच्या लायब्ऱ्या जिथून मिळतात त्या 'पायपीआय'ला जुने लोक 'चीज शॉप' म्हणत. माँटी पायथनच्याच एका प्रवेशात गिऱ्हाईक एकामागून एक चीज मागतं आणि दुकानात एकही नसतं. आता तिथे पाच लाखांवर प्रकल्प आहेत, पण मागायचं एका नावाने आणि हाक मारायची दुसऱ्या, ही खोड आहेच. 'पिलो' मागवायची आणि 'पीआयएल' म्हणायचं. 'सायकिट-लर्न' मागवायचं, 'एसकेलर्न' म्हणायचं. 'ओपनसीव्ही-पायथन' मागवलं तर हाकेला 'सीव्ही२' ओ देतं. ज्या घरात कागदोपत्री दत्तात्रय असलेला माणूस आयुष्यभर बंडू म्हणून वावरतो, त्या घरातल्या माणसांना हे लवकर जमतं.

इथवरचे सगळे घोळ निदान आपल्या घरातले. खरी गंमत आवृत्ती गिऱ्हाइकाकडे गेल्यावर. पतसंस्थेच्या संगणक विभागातले गृहस्थ फोनवर अतिशय शांतपणे बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

"साहेब, जुनं मस्त चालतंय. नवं उघडतच नाही."

"आमच्याकडे तर चालतंय."

"हो ना, तुमच्याकडे चालणारच. आमच्याकडे 'नवी' असं काही नाहीये, म्हणतोय."

सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. 'नवी'च्या तर जास्तच, कारण साठ तीन, नव्वद नऊ यात चुकण्यासारखं काही नाही. मग मॅडमनी पतसंस्थेला पाठवलेली 'व्हील' फाईल मागवली. व्हील म्हणजे आतून साधी झिप फाईल, कोणालाही उघडता येते, म्हणून बहुधा कोणी उघडत नाही. ती उघडली. आत 'अक्षरी' होतं. त्यात 'जुनी' होती. 'नवी' नव्हती. आणि 'अक्षरी'च्या शेजारी, कोणी बोलावलेलं नसताना, आमचं 'टेस्ट्स' फोल्डर सगळ्या फाइलींसकट बसलेलं होतं. पतसंस्थेला निम्मी लायब्ररी आणि संपूर्ण तपासणी पोचली होती. त्यांच्याकडे व्याजाच्या हिशोबाची दुसऱ्या कोणाची तरी लायब्ररी होती, तिच्याबरोबरही असंच एक 'टेस्ट्स' आलेलं. पिपने कसलीही कुरकुर न करता दोन्ही एकाच फोल्डरात ओतलं होतं. आमचा एकोणऐंशी त्यांच्या चक्रवाढ व्याजाशेजारी नांदत होता.

हे होतं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. एके काळी फोल्डरला पॅकेज म्हणवून घ्यायचं तर त्यात 'इनिट' नावाची फाईल लागे, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर लावलेली. आत काही नसलं तरी चाले. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून ती नसली तरी इम्पोर्ट होतो. पण पाठवणीच्या वेळी सेटअपटूल्सचं 'फाइंड पॅकेजेस' पॅकेजं गोळा करतं, ते मात्र अजूनही इनिट बघूनच आत घेतं. 'नवी'त ती नव्हती. लिहिणाऱ्याचं म्हणणं, आता लागत नाही. ते खरंच होतं. 'टेस्ट्स'मध्ये मात्र मध्यंतरी कोणीतरी जुन्या सवयीने ती ठेवलेली, म्हणून त्याला सन्मानाने गाडीत बसवलं गेलं.

आणि टेस्टना हे कळलं नाही, कारण त्या पाठवलेली लायब्ररी तपासतच नव्हत्या. शेजारच्या फोल्डरातली तपासत होत्या. डबा ओट्यापाशीच उभं राहून चाखायचा आणि 'ऑफिसात व्यवस्थित पोचला' असं कळवून टाकायचं, त्यातली गत. यावर तोड म्हणून 'एसआरसी' नावाचं एक फोल्डर करतात आणि लायब्ररी त्याच्या आत ढकलतात. मग प्रकल्पाच्या मुळाशी उभं राहून ती दिसत नाही, आणि टेस्ट चालवायच्या तर आधी ती रीतसर इन्स्टॉल करावी लागते. माझं मत याच बाजूचं आहे आणि त्यासाठी मी टीममध्ये पुरेसा अप्रिय आहे. 'एवढ्यासाठी एक फोल्डर जास्त?' असं विचारणारा माणूस घरी चपलांसाठी वेगळा स्टँड घेतो.

बरं, ठरलं. लायब्ररी 'एसआरसी'त गेली. आठवडाभरात सगळ्यांनी सोय शोधली: पिप इन्स्टॉल डॅश ई. याने लायब्ररी इन्स्टॉल झाल्याची नोंद होते, पण प्रत्यक्षात पायथनला तुमच्याच कामाच्या फोल्डरकडे बोट दाखवलं जातं. म्हणजे पुन्हा घरचीच तपासणी, फक्त आता रीतसर. शेवटी मॅडमनी सर्व्हरवर व्यवस्था लावली: दर वेळी व्हील नव्याने बांधायची, कोऱ्या वातावरणात इन्स्टॉल करायची, आणि मगच टेस्ट. पहिल्याच फेरीत 'नवी'च्या सगळ्या टेस्ट लाल झाल्या. मला वाईट वाटलं असं मी सांगणार नाही.

दुरुस्ती म्हणजे 'नवी'त एक रिकामी इनिट फाईल ठेवणे. शून्य बाइट. ती त्या कॉलेजातून आलेल्या मुलाने केली. पण आमच्याकडे दोघांच्या तपासणीशिवाय कोडमध्ये काही जात नाही. पहिल्याने विचारलं, याची टेस्ट कुठे आहे? दुसऱ्याने लिहिलं, वर्णन थोडं सविस्तर लिहावं. मग शिस्तीचं अवजार मध्ये पडलं: सार्वजनिक पॅकेज आहे, माहितीची ओळ नाही. मुलाने 'नवी पद्धत' एवढी ओळ घातली. पहिल्याने परत येऊन विचारलं, रिकाम्या फाईलमध्ये हे कशाला? मुलाने ती काढली, अवजारापुरती सूट मागून घेतली, मॅडमनी मंजुरी दिली. बदललेल्या ओळींच्या रकान्यात शून्य आलं, म्हणून महिन्याच्या कामगिरीच्या तक्त्यात हे काम मोजलंच गेलं नाही. आयसॉर्ट फिरवणाऱ्याचं नाव मात्र त्या तक्त्यात सगळ्यात वर आहे.